बोंडांची वाइन आणि वहिनींची बाग

ज्याच्या स्मरणावाचून आमच्या घरी चूल पेटत नाही त्या गजाननाला, आणि वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या सपाट माळावर, उघड्या आभाळाखाली बसून आमच्या झाडापेडांकडे लक्ष ठेवणाऱ्या ग्रामदेवीला प्रथम वंदन करतो. आज देवदिवाळी. सकाळी देवीपुढे नारळ ठेवून उतरताना आठवले, की या तिथीनंतरच्याच एका रविवारी आमच्या अंगणात पहिल्यांदा परकी माणसे वाइनची चव पाहायला आली होती. त्या दिवसाची हकिगत आमच्या घरात अनेकदा सांगून झाली आहे आणि प्रत्येक जण ती आपापल्या सोयीने सांगतो. मुख्य चूक माझ्या हातून घडली असल्यामुळे ती लिहिण्याचा अधिकार माझा, असे समजून लेखणी उचलली आहे.

लहानपणी पाठशाळेत संथा घेतली, पुढे आयुष्यभर रत्नागिरीत मुलांना संस्कृत शिकवले, आणि घरच्या देवांबरोबर गावच्या देवळातली पूजाही माझ्या वाट्याला आली. मद्याला मी कधी स्पर्श केला नाही आणि आजही करत नाही. अशा माणसाच्या घरात वाइन आली ती सुनेच्या पावलांनी.

सून नाशिककडची. माहेरी द्राक्षांचे मळे, शिक्षण फळांवर प्रक्रिया करण्याचे, आणि लग्नाआधी ती तिकडेच एका वाइनच्या कारखान्यात कामाला होती. माझा मुलगाही तिथेच यंत्रे पाहत असे. दोघांनी गावी येऊन राहायचे ठरवले तेव्हा मला फार आनंद झाला; येताना तिने गाडीतून द्राक्षाच्या काड्यांची जुडी आणली तेव्हा तो आनंद थोडा सावध झाला. विहिरीजवळ मांडव घालून तिने त्या लावल्या. आषाढापर्यंत वेल हौसेने चढले. श्रावणात पानांवर बुरशी धरली, आणि गणपती यायच्या वेळी मांडवावर नुसत्या काटक्या उरल्या होत्या.

माझ्या थोरल्या बंधूंच्या पत्नी, आमच्या मोठ्या वहिनी, घराच्या दुसऱ्या भागात स्वतंत्र चूल मांडून राहतात. बंधू जाऊन पुष्कळ वर्षे झाली, मुलगे मुंबईला. मांडवाकडे पाहून त्या म्हणाल्या, "सूनबाई, देशावरचं माणूस कोकणात आलं की पहिला पावसाळाभर शिंकत बसतं. तुम्ही शिंकलात, तुमच्या वेलीही शिंकल्या."

"पण मोठ्या आई, मी टिकले ना?"

"तुम्हाला मी काढे पाजले. वेलींना कोण पाजणार?"

सुनेने मांडव सोडवला आणि त्यावर पडवळ चढवला. पुढच्या चैत्रात मात्र ती काजूच्या झाडांखाली बराच वेळ उभी असलेली दिसू लागली. काजूची बी पिरगळून घ्यायची आणि वरचे रसाळ बोंड तिथेच टाकून द्यायचे, ही आमची पिढीजात रीत. थोडी बोंडे गुरे खात, थोडी मुले मीठ लावून चोखत, आणि उरलेल्यांचा खच झाडाखाली सडत राही. त्या दिवसांत आमच्या साऱ्या उतारावर एक आंबूस वास पसरलेला असे.

"अप्पा, हा वास माझ्या ओळखीचा आहे," ती म्हणाली.

"सडण्याचा आहे."

"सडण्याच्या थोडा आधीचा. तेवढ्यात पकडला तर त्याची वाइन होते."

शास्त्रार्थात हरलेला माणूस जसा उपरणे सावरून उठतो तसा मी उपरणे सावरून घराकडे वळलो. मुलाने परवान्यामागे धावपळ केली, सुनेने घरामागची कोठी मागितली. ही कोठी अर्धी उतारात खोदलेली, जांभ्या चिऱ्यांची, पूर्वी भाताची होती. वैशाखातही तिथे पाय ठेवला की गारवा लागतो. सुनेने ती धुऊन घेतली, चुना दिला आणि आत बोंडांसाठी आणि पुढे जांभळांसाठी स्टीलच्या टाक्या ठेवल्या. त्यानंतर तिथे जो नेमधर्म सुरू झाला तो पाहून मला माझ्या सोवळ्याची थोडी लाज वाटली. हातपाय धुतल्याशिवाय आत जायचे नाही, केस बांधलेले हवेत, एका टाकीत घातलेली पळी न उकळता दुसऱ्या टाकीत घालायची नाही. एकदा मी गंधाच्या बोटाने झाकण उचलले तर तिने माझा हात हळूच बाजूला केला. "अप्पा, आता नाही. आंघोळ करून या." सकाळच्या पूजेनंतर मला कोणी पुन्हा आंघोळीला पाठवल्याची ती पहिलीच वेळ.

बोंडांच्या रसात एक तुरटपणा असतो, तो घशाला ओरखडा काढतो. तो काढण्यासाठी सून साबुदाण्याची पेज करून रसात घालते. पेज तुरटपणा धरून तळाशी बसते आणि वर निवळ रस राहतो. हे मला ठाऊक नव्हते. एका एकादशीला तिने दुकानातून पाच किलो साबुदाणा आणायला सांगितला तेव्हा देशावरच्या मुलीची ही उपवासनिष्ठा पाहून मी भारावून गेलो होतो. दुपारभर खिचडीची वाट पाहिली. संध्याकाळी कोठीत डोकावलो तेव्हा सगळा साबुदाणा टाकीत गेला होता, आणि माझ्यासाठी दोन केळी ताटात होती.

रस आंबत असताना टाकीवरच्या नळीतून पाण्यात बुडबुडे येतात. आरंभी घाईघाईने, मग संथ, मग घटकेला एक. मी दुपारी जपमाळ घेऊन त्या गारव्यात बसू लागलो. ती बुडबुड मन विचलित करत नाही, उलट सांभाळते. तेथे मला सोबतही मिळाली. मांडवीला राहणारे एक हाजीसाहेब माझे जुने स्नेही. त्यांनी उमेदीची वर्षे आखातात एका अत्तराच्या दुकानात काढली. सुनेने बाटल्या भरण्याआधी त्यांना वास घ्यायला बोलावले, आणि त्यानंतर ते स्वतःहून येऊ लागले. पेला नाकाखाली धरायचा, डोळे मिटायचे, आणि न पिता परत ठेवायचा, असे त्यांचे काम.

"मास्तर," एकदा ते म्हणाले, "तुम्ही पीत नाही, मी पीत नाही. आपण दोघे इथे बसून नेमकं काय करतो?"

"मी जप करतो. तुमचं तुम्ही सांगा."

"मला वर विचारलं तर सांगेन, सून मास्तरांची, घर मास्तरांचं, माझं फक्त नाक होतं."

बागेतही बदल झाले, आणि ते मला कोठीपेक्षा अवघड गेले. दर वर्षी माघ-फाल्गुनात झाडांखालचा पातेरा, म्हणजे वाळलेल्या पानांचा थर, लोटून जाळायचा, हे काम मी लहानपणापासून करत आलो. सुनेने ते बंद केले. पातेरा झाडांच्या बुंध्याभोवती पसरायचा आणि त्यावर रस काढून उरलेला चोथा कुजवून घालायचा. उतारावर आडवे चर खणून पावसाचे पाणी मुरवायचे. सातेरी मधमाश्यांच्या चार पेट्या मोहराच्या बेतात ठेवायच्या. आणि फवारणी मुळीच नाही. काजूच्या पालवीवर ढेकण्या नावाची कीड पडते. तिचा बंदोबस्त तिने ओंबिलांवर सोपवला. ओंबील म्हणजे पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्या. त्या कडकडून चावतात, त्यामुळे झाडावर चढणारे गडी त्यांना शिव्या देतात. सून मात्र एका झाडावरून दुसऱ्या झाडावर दोऱ्या बांधून त्यांना जायला वाटा करून देत असे. "या आपल्या राखणदार आहेत, अप्पा," असे तिने सांगितल्यावर मी त्यांना मनातल्या मनात नमस्कार केला, पण लांबून.

आमच्या जमिनीचा खालचा भाग माझा आणि वरचा वहिनींचा. मध्ये गुडघाभर उंचीचा दगडी गडगा आहे. जुनी, भरघोस धरणारी काजूची झाडे बहुतेक वर. वहिनींनी दोन वर्षे ती बाग सुनेच्या हवाली केली होती. "पाहा काय जमतं ते," एवढ्याच बोलीवर. पण त्यांचे गुडघे धरले, वर जाणे सुटले, आणि त्या वर्षी कार्तिकात एक बागवाला त्यांच्याकडे आला. बाग करारावर द्या, राखण, फवारणी, तोडणी सगळे मी पाहीन, तुम्ही ओटीवरून उठायचे नाही, असे त्याने सांगितले. पहिले काम म्हणून तो औषध मारून ओंबील काढणार होता आणि पातेरा पेटवणार होता.

सुनेने हे ऐकले त्या संध्याकाळी तिने मला आणि मुलाला समोर बसवून शांतपणे सांगितले. "थंडीत सकाळचा वारा वरून खाली येतो. वर फवारणी झाली की ती आपल्या झाडांवरही येणार. आणि नुसत्या खालच्या बोंडांवर एक टाकीसुद्धा भरत नाही. वरची बाग गेली तर हे काम इथे होणार नाही. नाशिकला माझी जागा अजून रिकामी आहे, त्यांनी परवाच फोन केला होता. आम्हाला दोघांना जावं लागेल."

धमकी तिच्या बोलण्यात नव्हती. हिशोब होता. मुलगा आणि सून आल्यापासून या घरात सकाळी देवघरात आणि त्यांच्या खोलीत, असे दोन ठिकाणी दिवे लागत होते.

मी वहिनींकडे गेलो. मी तोंड उघडण्याआधीच त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही काय सांगायला आलात ते मला कळतंय. रविवारी तुमची ती चव बघणारी माणसं येणार आहेत ना? ती येऊन जाऊ देत. सोमवारी सकाळी बागवाला येतोय, त्याला काय ते मी तेव्हा सांगेन. तोवर कोणी माझ्या कानाशी लागू नका." मग थोडे थांबून, "आणि ती माणसं चव घेऊन थुंकतात, असं सूनबाई सांगत होत्या. खरं काय?"

"तशी पद्धत आहे म्हणे. भांडं ठेवलेलं असतं."

"अंगणात थुंकायला पुण्या-मुंबईची माणसं बोलवायची. आमच्या वेळी ती आपणहून थुंकत."

रविवार उजाडला. अंगण सारवून सुनेने दोन टेबले मांडली, वर पांढरे कापड घातले. समई लावायचा आग्रह माझा. कोणत्याही कार्याचा आरंभ दिव्यावाचून मला रुचत नाही. पाहुणे दहा-बारा होते. त्यांत कोल्हापूरच्या एक निवृत्त शिक्षिका आणि त्यांचे यजमान होते, बाकी तरुण जोडपी. सर्वांना सरबत दिले. सून कोठीतून बाटल्या काढत होती, मुलगा मागे गरम पाण्याने काचेचे पेले धूत होता. सुनेने जाता जाता माझ्या हातात एक छोटा स्टीलचा तांब्या आणि लांब दांड्याची पळी दिली. तांब्यात टाकीतून नुकतीच काढलेली बोंडांची वाइन होती. "अप्पा, पेले आले की प्रत्येकात दोन पळ्या घाला. तेवढंच. मी आलेच."

मी पूजा करून धोतर-उपरण्यावर तसाच आलो होतो. कपाळी गंध, बाजूला समई, डाव्या हातात तांब्या, उजव्यात पळी. अशा वेशात आणि अशा मुद्रेने मी देवळात वर्षानुवर्षे उभा राहिलो आहे. कोल्हापूरच्या बाई पुढे आल्या, माझ्याकडे पाहिले, पदर खांद्यावर घेतला आणि उजवा हात पुढे करून तळहाताचा खोलगा केला.

माझ्या हाताने मला विचारले नाही. पळी भरली, तळहातावर ओतली. बाईंनी ती भक्तिभावाने प्राशन केली आणि ओला हात मस्तकावरून मागे फिरवला. त्यांच्या मागे त्यांचे यजमान. त्यांच्या मागे रांग. तरुण मंडळींना वाटले असावे, की कोकणात वाइन अशीच चाखतात. त्यांनी पायांतले जोडे काढले. तिसऱ्या की चौथ्या हातावर पळी रिकामी करताना तीर्थ देतानाचा मंत्र माझ्या ओठांवर आला, आणि त्याच वेळी मी कोठे उभा आहे हे मला कळले. मंत्र मी गिळला. निदान उत्तरार्ध तरी गिळला.

टेबलाजवळ खुर्चीवर बसलेले हाजीसाहेब उठून आले. एका तरुणाचा ओला तळहात त्यांनी आपल्या नाकाजवळ नेला. "वा," ते सुनेला म्हणाले, कारण ती बाटल्या घेऊन दारात थिजून उभी होती. "पोरी, अत्तर आम्ही काचेवर कधी दाखवत नसू. हातावरच लावायचं. ऊब लागली की वास उमलतो. मास्तरांनी बरोबर केलंय."

"हाजीचाचा, हातावरून वाइनचा रंग कसा दिसणार?"

"रंग डोळ्यांना. आधी नाकाला खूश करू दे."

पाहुणे हसत होते, आणि मला वाटले की प्रसंग निभावला. तेवढ्यात मागून काठी जमिनीवर आपटली. वहिनी तुळशीजवळ उभ्या होत्या. त्यांनी सगळे पाहिले होते.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "देवाच्या तीर्थाला जो हात धरायचा तो धरायला लावून तुम्ही माणसांना हे पाजलंत. समईपुढे."

"वहिनी, चूक झाली. सवयीनं—"

"सवय देवाची होती. ती तुम्ही इथे वापरलीत." त्यांचा आवाज चढला नाही. "सोमवारची वाट बघायला नको. बागवाल्याला होय म्हणून सांगते. सूनबाई, तुमच्यावर माझा राग नाही, पण ही बाग मी याच्यासाठी देणार नाही."

आणि त्या काठी टेकत, गुडघे धरलेले असूनही, पायवाटेने वर निघाल्या. रागावल्या की वरच्या बागेत जाऊन बसायचे ही त्यांची तरुणपणापासूनची रीत. बंधूंशी भांडण झाले तरी त्या तिथेच सापडत. सुनेने बाटल्या टेबलावर ठेवल्या आणि पदराने हात पुसत राहिली. तिच्या चेहऱ्याकडे मला पाहवेना. मी तांब्या हाजीसाहेबांच्या हातात दिला आणि वहिनींच्या मागे निघालो.

थोडा वर गेलो तर मागे पावलांचा आवाज. वळून पाहतो तो सगळे पाहुणे रांगेने येत होते. आमंत्रणात "बागेची फेरी" असे शब्द होते. यजमानघरचे दोन वडीलधारे वाटेला लागलेले पाहून फेरी सुरू झाली असे त्यांना वाटले. त्यांना परत पाठवावे तर काय कारण सांगावे? मी चालत राहिलो.

गडग्याजवळ वहिनींना दम लागला म्हणून त्या थांबल्या. मी गाठले. "वहिनी, माझा अपराध आहे, शिक्षा मला करा. त्या पोरीने—"

"आजी," कोल्हापूरच्या बाईंनी मध्येच विचारले, "हे झाड एवढं वाकडं का हो?"

वहिनींनी वळून त्यांच्याकडे पाहिले, मग त्यांच्यामागच्या रांगेकडे, मग माझ्याकडे. मी नजर खाली घातली. राग कितीही असो, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणे हे वहिनींच्या स्वभावात नाही.

"वादळात आडवं झालं होतं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी तोडायला काढलं. मी म्हटलं, मुळं जमिनीत आहेत ना, मग राहू दे. ते पडूनच वाढलं. बाकीच्यांपेक्षा याचं बोंड गोड असतं."

"आणि पिवळ्या बोंडाचं झाड ते का?"

"ते नव्हे, त्याच्या पलीकडचं पिवळ्या बोंडाचं. हे तांबडं. पिवळ्याला रस जास्त, तांबड्याला वास." त्या काठीने दाखवू लागल्या आणि दाखवता दाखवता गडग्याच्या खिंडीतून आत गेल्या. माणसे मागोमाग. कोणते झाड त्यांनी सासरी आल्यावर लावले, कोणते आपोआप उगवले, कोणत्या जांभळाची फळे पहिल्या सरीआधीच काढावी लागतात, हे सगळे त्या सांगत होत्या. मी हे यापूर्वी कधी ऐकले नव्हते. त्या घरात आल्यापासूनच्या इतक्या वर्षांत मी त्यांना हे कधी विचारलेच नव्हते, असे त्या क्षणी ध्यानात आले.

कोल्हापूरच्या यजमानांनी एका फांदीला हात लावला आणि दचकून झटकला. तीन-चार ओंबील मनगटावर चढल्या होत्या. "अगं आई," ते पुटपुटले.

"चोळू नका," वहिनींनी कमरेची चंची सोडली आणि डबीतला चुना बोटाने त्यांच्या मनगटावर लावला. "आता निवेल. बायको एवढं चावत नसेल तुम्हाला."

"ते मला विचारा," बाई म्हणाल्या.

"या मुंग्या मारत का नाहीत?" एका तरुणाने विचारले.

"आमच्या सूनबाईंचं म्हणणं, त्या पालवी राखतात," वहिनी म्हणाल्या. आवाजात थोडा उपहास होता. पण उत्तर दिल्यावर त्या स्वतःच फांदी काठीने खाली वाकवून पालवी पाहू लागल्या. बराच वेळ पाहिली. मग दुसऱ्या झाडाची पाहिली. कोवळी, तांबूस, एकही शेंडा करपलेला नव्हता. एके काळी या दिवसांत निम्मे शेंडे काळे पडलेले असत, ते त्यांनाही आठवत असणार.

त्या बुंध्याशी आल्या आणि काठीचे टोक पातेऱ्यात खुपसले. काठी सहज वीतभर आत गेली. त्यांनी ती काढून टोक पाहिले. तिला ओली, काळपट माती चिकटली होती.

"मार्गशीर्ष लागला," त्या मला म्हणाल्या, "आणि खाली ओल आहे."

"होय."

"लग्न झाल्यावर पहिली पाच वर्षं मी या झाडांना विहिरीवरून कळशीने पाणी घातलंय. एक कमरेवर, एक डोक्यावर. चढ हाच. कार्तिक सरला की दिवसाआड." त्यांनी काठीची माती बोटाने निपटून घेतली आणि त्या बोटाकडे पाहत राहिल्या. "तेव्हाही आम्ही पातेरा जाळतच होतो. जाळायचो आणि पाणी आणायचो. कोणी सांगितलं नाही की नका जाळू."

खालून सून आली. एका हातात पेल्यांचे तबक, खांद्याला बाटल्यांची पिशवी. पाहुणे निघून गेलेले पाहून ती इथवर चढून आली होती, आणि आता वहिनींपुढे तबक धरून उभी होती.

"आणलेत पेले? बरं केलंत," वहिनी म्हणाल्या. "ठेवा त्या दगडावर. आणि भाऊजींच्या हातात पळी द्यायची नाही."

"नाही देणार, मोठ्या आई."

"ऐका आता. बाग मी बागवाल्याला देत नाही. तुमच्याकडेच राहू दे." सुनेने तबक दगडावर ठेवले. "पण माझं म्हणणं आहे. हे जे काय पाजायचं ते समईपुढे नाही, तुळशीपुढे नाही. इथे वर पाजा, झाडांत. ज्याचं आहे त्याच्यापाशी."

"इतक्या वर सगळं सामान आणायचं?" सुनेच्या तोंडून निघून गेले.

"मी पाणी आणत होत्ये," वहिनी म्हणाल्या.

मग सुनेने त्या दगडाला कापड घातले आणि पाहुण्यांना हवी तशी चव दिली: आधी रंग, मग वास, मग घोट. बोंडांची झाल्यावर जांभळांची. तिने प्रत्येक पेल्याबरोबर ते फळ कोणत्या झाडांचे हे सांगायला आरंभ केला, आणि दोन वेळा वहिनींनी तिला दुरुस्त केले. थुंकण्यासाठी भांडे वर आणायचे राहून गेले होते. पाहुण्यांनी विचारले तेव्हा वहिनींनी एक चर दाखवला. "तिकडे. झाडालाच मिळेल." माझ्या माहितीप्रमाणे कोणी थुंकले नाही.

सोमवारी बागवाला आला. वहिनींनी त्याला ओटीवर बसवून चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली आणि नाही म्हणून सांगितले. त्याने कारण विचारले. "माझी माणसं आहेत," एवढेच त्या म्हणाल्या. तो भला गृहस्थ. चहा संपवून गेला.

मी मात्र त्याच दिवशी सड्यावर जाऊन देवीपुढे माझी चूक कबूल केली आणि प्रायश्चित्त म्हणून एक पक्ष एकभुक्त राहिलो. हे वहिनींना कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "देवीला राग आला असता तर तिने माणसं खालीच थांबवली असती. जेवा आता." शास्त्रात या मताला आधार कोठे मिळतो ते मी अजून शोधतो आहे.

तेव्हापासून चव पाहायला येणारी मंडळी आधी पायवाटेने वर जातात. मुलाने चढावर जांभ्याच्या रुंद पायऱ्या घातल्या आहेत आणि मध्ये दोन ठिकाणी बसायला दगड. वहिनी पुढे असतात. त्यांनी वाइनचा थेंबही चाखलेला नाही, आणि पिवळ्या बोंडांची कोणती व तांबड्यांची कोणती हे मात्र त्या नुसत्या वासावरून सांगतात. हाजीसाहेबांनी ही गोष्ट थोडी मनाला लावून घेतली आहे. नाशिकहून पुढेही एकदा फोन आला होता. सुनेने तो उचलला, "इथे माझी झाडं आहेत," असे म्हणाली, आणि कोठीत निघून गेली.

वाचकहो, तुमच्या घरात जे वयाने वडील आहेत त्यांना कोणीतरी प्रश्न विचारत राहो, आणि जे धाकटे आहेत त्यांना काम करायला जागा मिळत राहो. तुमच्या दारच्या झाडांना ओल लाभो, अन्नाला चव लाभो, आणि भांडण झालेच तर ते चढावरच दमून थांबो. तुमचे व तुमच्या कुटुंबाचे सर्वथा कल्याण असो.